जुनी जीप घेण्याआधी



मृगाचा पाऊस जवळ आला की आमच्या झरीकडच्या गावांत जुन्या जीपगाड्यांची चर्चा सुरू होते. परभणी जिल्ह्याची जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन चांगले पाऊस झाले की तीच माती चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. डांबरी सडकेपासून आखाड्यापर्यंतच्या पांदणीतून मोटारसायकलसुद्धा निघत नाही. आखाड्यावर राहणाऱ्या घरात रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला पान लागले, तर दवाखाना दहा-वीस किलोमीटरवर असतो. अशा घरासाठी चारही चाकांनी ओढणारी जीप ही हौस नसते. नवी घेण्याची ऐपत नसते, म्हणून जुनी पाहिली जाते.

ती ज्या पैशातून घेतली जाते, तो पैसाही साधा नसतो. सोयाबीन-कापसाचे राखून ठेवलेले, भिशीचे उचललेले, कधी घरातल्या बाईने अंगावरून उतरवून दिलेले. म्हणून हा विषय केवळ पुरुषांनी गॅरेजसमोर उभे राहून बोलण्याचा नाही. घरातल्या सगळ्यांनी समजून घेण्याचा आहे.

पहिला प्रश्न : कशासाठी?

मुसनद अहमदमध्ये एक प्रसंग येतो. हजरत वासिला बिन असका (रजि.) यांच्या घराजवळून एका माणसाने उंट विकत घेतला. तो उंट घेऊन निघाला, तेव्हा वासिला (रजि.) घाईघाईने त्याच्यामागे आले आणि त्यांनी विचारले की हा उंट मांसासाठी घेतलास की प्रवासासाठी? तो म्हणाला, मला हजला जायचे आहे. तेव्हा त्यांनी सांगितले की याच्या पायाला, तळव्याला भोक आहे. उंटाचा मालक नाराज झाला, तुम्ही माझा सौदा बिघडवता म्हणाला. त्यावर वासिला (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली, तिचा आशय असा : वस्तूतला दोष सांगितल्याशिवाय ती विकणे कुणालाही हलाल नाही, आणि ज्याला तो दोष माहीत आहे त्याने गप्प बसणेही हलाल नाही.

या प्रसंगात व्यवहाराचे दोन मोठे धडे आहेत. दुसऱ्याकडे शेवटी येऊ. पहिला धडा त्या प्रश्नात आहे. उंट कशासाठी हवा? मांसासाठी असेल तर पायाचे भोक हा दोषच नाही. प्रवासासाठी असेल तर तोच सर्वांत मोठा दोष. जुन्या गाडीचेही असेच आहे. लग्नाच्या वरातीत मिरवायला, शेतात खत-बियाणे न्यायला, का रात्री पेशंट घेऊन चिखलातून निघायला, हे आधी ठरवा. मग कोणता दोष चालेल आणि कोणता चालणार नाही हे आपोआप कळते. रंग उडाला असेल, सीट फाटली असेल, तर आखाड्याच्या गाडीला ते चालते. ब्रेक आणि पुढचा एक्सल यांत दोष असेल तर चालत नाही.

नाव जीप, पण चारही चाके ओढतात का?

आपल्याकडे कमांडर, मार्शल, मेजर, ५४०, बोलेरो या सगळ्यांना लोक सरसकट जीपच म्हणतात. या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने झाली होती, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. त्यातले भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले आणि परदेशी विलीज जीप इथे जोडून विकण्याच्या धंद्यातून देशी जीपचे घराणे उभे राहिले.

मात्र या घराण्यातली प्रत्येक गाडी फोर बाय फोर नाही. काळी-पिवळी म्हणून चाललेल्या बऱ्याच जीपना फक्त मागची चाके ओढतात. २००० साली आलेल्या बोलेरोचेही बहुतेक नमुने तसेच. मारुती जिप्सी (१९८५ पासून) फोर बाय फोरच असते, पण ती पेट्रोलवर चालते. २०१० ची जुनी थारही दोन्ही प्रकारांत मिळत होती. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता गाडीखाली वाकून बघा. मधल्या गिअरपेटीतून एक दांडा मागे आणि एक पुढे गेलेला दिसला पाहिजे. पुढच्या एक्सललाही मागच्यासारखाच गोळा दिसला पाहिजे. काही गाड्यांत आतला छोटा लिव्हर तसाच ठेवून पुढचा दांडा काढून टाकलेला असतो. लिव्हर हलतो, गाडी मात्र दोनच चाकांवर चालते.

त्याची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नका. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळवली की पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते आणि आतले भाग ताणले जातात. नांगरलेल्या रानात किंवा वाळूत न्या. पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवायची कुलुपे असतील तर ती लावा. मग हाय आणि लो अशा दोन्ही गिअरमध्ये दहा-वीस पावले पुढे-मागे चालवा. चारही चाके माती उकरतात का, हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभे करून पाहायला सांगा. खडखड, कटकट आवाज आला किंवा लिव्हर आपोआप सुटून बाहेर आला, तर मोठा खर्च समोर आहे असे समजा.

चासी : गाडीचा पाठीचा कणा

इंजिन उतरवून नवे बसवता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी खराब झाली तर गाडी संपली. म्हणून पहिली नजर तिच्यावर टाका. दोन्ही लांब पट्ट्यांवरून बोट फिरवा, पान्याने हलके ठोका. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो, गंजलेला भद्द वाजतो. जिथे कमानपाटे आणि स्टिअरिंगची पेटी चासीला जोडलेली असते, तिथे तडे जातात. वेल्डिंगचे जुने टाके, वरून मारलेली पट्टी, एकाच ठिकाणी दिसणारा ताजा काळा रंग यांचे कारण विचारा. गाडी समुद्रकाठच्या जिल्ह्यात फिरलेली असेल तर खाऱ्या हवेने आतून गंज धरलेला असू शकतो. फर्शीवरची चटई उचलून खालचा पत्रा पाहा.

गाडी सपाट जागेवर उभी करून मागून बघा. एका बाजूला कलली असेल तर कमानपाट्यांतले एखादे पान तुटलेले असते किंवा चासी वाकलेली असते. चासीवर ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबराशी एक-एक अक्षर करून जुळवा. नंबराजवळ घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर किंमत कितीही कमी असो, तिथूनच परत फिरा. ती गाडी चोरीची असण्याची शक्यता असते.

इंजिन : थंड असताना बघा

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू होताना जो त्रास दाखवते तो तापल्यावर झाकला जातो, आणि रात्री दोन वाजता तुम्हाला गाडी थंडच सुरू करायची आहे.

सुरू करण्याआधी तेलाची पट्टी काढून पाहा. जुन्या डिझेल गाडीचे तेल काळे असणारच. ते दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन चालू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलेले असण्याची दाट शक्यता आहे.

धुराचा रंगही बोलतो. गाडी सुरू होताना क्षणभर धूर निघाला तर हरकत नाही. सतत काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. तो दोष फिल्टर, नोझल किंवा पंपाचा असू शकतो आणि बऱ्याचदा दुरुस्त होतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, म्हणजेच रिंगा-पिस्टनचे काम जवळ आले आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जाते का ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण सावधपणे उघडा. तिथून किटलीच्या तोंडातून यावी तशी वाफ जोरात येत असेल तर इंजिन आतून झिजले आहे.

मग कमीत कमी अर्धा तास गाडी चालवा. चढ असलेला रस्ता निवडा. तापमानाचा काटा वर चढत राहतो का, दुसरा-तिसरा गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, हे तेव्हाच कळते.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर

घरातल्या बायका-मुले ज्या गाडीत बसणार, तिची ही तीन अंगे सर्वांत महत्त्वाची आहेत. ब्रेकचे पायडल दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. जुन्या जीपचे स्टिअरिंग थोडे ढिले असतेच. तरीही चाक न हलता ते हातभर फिरत असेल तर ते स्वीकारू नका. पुढचे चाक जॅकवर उचलून वरून-खालून आणि दोन्ही बाजूंनी धरून हलवा. खटखट वाजले तर बेअरिंग, किंगपिन किंवा टायरॉडचे काम निघाले.

टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून टायर चांगला असे नसते. कडेला चार आकडी तारीख कोरलेली असते. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. १४१२ असेल तर २०१२ सालचा चौदावा आठवडा. इतक्या जुन्या टायरचे रबर कडक होऊन चिरते, मग नक्षी कितीही उरलेली असो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या जीपला मागे समोरासमोर बाके असतात, दारे नसतात, पट्टे नसतात. निकाह-वलीम्याला किंवा परभणीच्या उरुसाला जाताना तिच्यात पंधरा-वीस माणसे कोंबलेली आपण पाहतो. कागदावर जितक्या सीट लिहिल्या आहेत तितकीच माणसे बसवा. जीव ही अल्लाहची अमानत आहे.

कागद

परभणीची गाडी एमएच २२. बाहेरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत, म्हणजे नमुना २८, आधी मागा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण होते आणि सोबत पर्यावरण करही लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्कच ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते नंतर आणखी वाढले. आरसीची मुदत संपलेली गाडी स्वस्त का मिळते हे यावरून समजावे. काळी-पिवळी म्हणून चाललेली गाडी घेतली तर तिचे परमिट रद्द करून खासगी नोंदणी करावी लागते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो उतरवून घ्या. ई-चलान बाकी आहे का तेही बघा.

हरयाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी बनवलेल्या उघड्या, रुंद टायरच्या जीप मोबाइलवर पाहून तरुण पोरे भुलतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल केलेली गाडी नोंदवता येत नाही. तशी गाडी रस्त्यावर अडवली गेली किंवा अपघातानंतर विमा नाकारला गेला, तर भुर्दंड आपल्यालाच पडतो.

विक्रीचे नमुने २९ आणि ३० दोघांनीही सही करून लगेच आरटीओत द्यावेत. नाव बदलण्यात आळस नको. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला आहे की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. म्हणजे तुम्ही गाडी विकली, पण नाव तुमचेच राहिले, आणि पुढच्याने अपघात केला, तर भरपाईचे ओझे तुमच्या डोक्यावर येऊ शकते.

मयत माणसाच्या नावावरची गाडी असेल तर विशेष काळजी घ्या. ती तरका आहे. थोरल्या मुलाने परस्पर विकायची नसते. बेवा, मुली, आई अशा सर्व वारसांचा तिच्यात हिस्सा आहे. आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर होऊ द्या, सगळ्यांची संमती घ्या आणि मग सौदा करा. बहिणीचा हक्क मारून स्वस्तात मिळालेली गाडी घरात बरकत आणत नाही.

सौदा ठरवताना

‘जशी आहे तशी घ्या’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. हनफी फिकहमध्ये विकणाऱ्याने दोषांची जबाबदारी आधीच नाकारली आणि घेणाऱ्याने ती कबूल केली, तर पुढे दोषावरून माल परत करण्याचा हक्क उरत नाही. म्हणून असे वाक्य ऐकले की तपासणी दुप्पट करा. अशी अट नसेल, तर लपलेला जुना दोष निघाल्यावर व्यवहार मोडण्याचा हक्क शरीअतने दिला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. शिवाय तीन दिवसांपर्यंत विचार करण्याची मुभाही आधी बोलून ठेवता येते. तेव्हा स्पष्ट बोला : ‘मिस्त्रीला दाखवतो, तीन दिवसांत हो किंवा नाही सांगतो.’ सौदा मोडला तर इसार बुडवणे हनफी उलेमांच्या मते दुरुस्त नाही. त्याविषयी आपल्या मुफ्ती साहेबांना आधीच विचारून घ्या.

काही रक्कम उधार राहत असेल तर लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. चुलतभाऊ आहे, मेहुणा आहे म्हणून लिहायला लाजू नका. न लिहिल्यामुळेच नाती तुटतात.

ज्याला माहीत आहे त्याने सांगावे

आता त्या उंटाच्या प्रसंगाचा दुसरा धडा. वासिला (रजि.) यांचा त्या सौद्यात एक पैशाचा संबंध नव्हता. ते विकणारे नव्हते, घेणारेही नव्हते. त्यांना फक्त दोष माहीत होता.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, कुठल्याही गावाच्या गॅरेज लाइनीत जा. इंजिन, डेंटिंग, रेडिएटर, वायरिंग, कमानपाटे या कामांत आपल्या समाजाची किती मुले आहेत! कोणत्या जीपचे इंजिन बांधले, कोणत्या चासीला पट्टी मारली, कोणती उलटलेली गाडी रंगवून उभी केली, हे त्यांच्या हातांना माहीत असते. घेणारा गरीब शेतकरी गाडी घेऊन त्यांच्याकडेच येतो आणि विचारतो, ‘भाई, कशी आहे?’ त्या वेळी दलालाने कबूल केलेल्या हजार-दोन हजारांसाठी ‘चांगली आहे, घेऊन टाका’ म्हणणारा मिस्त्री स्वतःला फक्त मिस्त्री समजतो. वासिला (रजि.) यांच्या शब्दांनी पाहिले तर तोही त्या सौद्यात सामील आहे.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषितांच्या (स.) बोटांना ओल लागली, तेव्हा व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, हा हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पाऊस पडणे हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकणे हा गुन्हा होता. जुन्या जीपमध्येही दोष असणे हा कुणाचा गुन्हा नाही. वीस वर्षे चिखलात राबलेली गाडी झिजणारच. ओली बाजू वर ठेवून, तिची किंमत लावून विकली तर ती हलाल कमाई आहे, आणि घेणाऱ्यालाही ती परवडते.

म्हणून घेणाऱ्यांनो, गाडी पाहायला जाताना दलालाने सुचवलेला मिस्त्री नेऊ नका. आपला, कामाची मजुरी घेऊन खरे सांगणारा न्या आणि त्याची मजुरी आनंदाने द्या. विकणाऱ्यांनो, दोष कागदावर लिहून द्या. आणि गॅरेजमधल्या माझ्या तरुण भावांनो, तुमच्याकडे ज्ञान आहे. अंधाऱ्या रात्री पांदणीत अडकलेल्या जीपमध्ये कुणाची आई, कुणाची लेक बसलेली असेल, हे डोळ्यांसमोर आणा आणि मग उत्तर द्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात सचोटी आणि कमाईत बरकत देवो. आमीन.